डावं-उजवं

कलरकोट्सच्या प्रयोगशाळेत माझी पाळी रात्रीची.
पंप बघायचा, पाण्याचं तापमान टिपायचं,
समुद्री साळिंदरांना केल्पची पानं टाकायची
आणि ती खात असताना गप्प बसून ऐकायचं.
पाच दात, खवणीवर ओलं खोबरं ओढावं तसा आवाज.
खिडकीबाहेर उत्तर समुद्र,
त्याला आमच्या घड्याळाशी देणंघेणं नाही.

शाळेच्या पुस्तकात यांना अर्धं पान होतं.
कंटकचर्मी. आकृती काढा, भागांना नावं द्या, पाच गुण.
मिरजेत कुणी तारामासा पाहिलेला नव्हता,
पोंक्षे बाईंनीसुद्धा.
मी पाचही हात नीट काढले, नलिकापाद टिंबाटिंबांनी,
पण पेन्सिल डाव्या हातात होती.
बाईंची पट्टी आकृतीवर नाही, बोटांवर आली.
घरी मावशी म्हणायची, डाव्यानं घास घेऊ नये,
पानावरून लक्ष्मी उठून जाते.
मी उजव्यानं जेवायला शिकले.
लक्ष्मी बसली असावी. कधी दिसली नाही.

आता मला माहीत आहे,
यांच्यात रक्त नाही, नळ्यांतून समुद्रच फिरतो.
मेंदू म्हणावा असा मेंदू नाही.
सागरकाकडी फारच घाबरली तर
आपली आतडी बाहेर टाकून निघून जाते,
नवी करायला घेते.
भंगुरतारा हात सोडून पळतो.
ग्वेन स्टोरीचा भाऊ कालवांवरचे तारामासे
कोयत्यानं दोन करून पाण्यात फेकायचा
आणि पुढच्या वर्षी कुरकुरायचा,
हे वाढले कसे?

ग्वेन चौऱ्याहत्तर वर्षांची. पगार नाही, किल्ली आहे.
नोव्हेंबरात एका रात्री वीज गेली, पंप थांबला,
तेव्हा मी तिलाच उठवलं.
दोघींनी घाटावरून बादल्या वाहिल्या,
तिच्या आजीनं माशांची टोपली वाहिली त्याच पायऱ्यांवरून.
मग मी टॉर्च दातात धरला
आणि डिंभ एकेक करून ताज्या पाण्यात सोडत राहिले.
एकोणतीस दिवसांचे, डोळ्याला धूळ,
भिंगाखाली उलट्या धरलेल्या काचेच्या तिवया.

ग्वेन माझा हात बघत होती.
"अगं, तू कडी-विफ्टर!"
डावखुऱ्यांना चिडवायचा इकडचा शब्द.
मग तिनं मनगट पुढे केलं, जणू खूण अजून असेल तिथे:
शाळेत तिचा डावा हात
बाकाला बांधून ठेवायचे, लोकरीच्या पट्ट्यानं.
शुक्रवारी सोडायचे, म्हणाली, भाऊ होते ना चार,
मासे सोलायला दोन्ही हात लागायचे.

मी तिला भिंगात बघायला लावलं.
बघ, याला अजून डावं आहे, उजवं आहे,
तुझ्यामाझ्यासारखं.
आणि हा डाव्या कुशीतला डाग,
ते उद्याचं साळिंदर.
उजवीकडे काही नाही.
डावीकडेच वाढतं, वाढतं, आणि एका दिवशी
तासाभरात स्वतःला उलटं बाहेर काढतं,
तिवई गिळून टाकतं, काचेच्या काड्यांसकट.
नंतर त्याला डावं-उजवं नसतं.
पुढे नाही, मागे नाही,
जिकडे निघेल तिकडे पुढे.

"आणि त्याला दुखतं का?"
ग्वेननं विचारलं.
मला माहीत नव्हतं. पुस्तकात तो प्रश्न नाही.

पहाटे चार वीसला नोंदवहीत लिहिलं:
तिसावा दिवस. एक बसलं.
तीळही मोठा वाटेल एवढं,
आणि काचेवर पाय रोवून
कुठेतरी निघालेलं.
वीज आली. टाकीत खरवडणं पुन्हा सुरू झालं.

डबा उघडून मी पोळी डाव्या हातानं तोडून पाहिली.
जमेना.
चाळीस वर्षं त्याला दुसरीच कामं होती.
ग्वेन म्हणाली, घाई नको,
आणि माझ्या डब्यातलं लोणचं
बोटानंच घेतलं, कुठल्या हाताच्या
ते मी पाहिलं नाही.