पोच

आर्वीच्या कोर्टात वकिलानं कार्ड समोर धरलं.
ओळखता?
ओळखतो, म्हटलं. पोचपावती आहे.
बावीस वर्षं हेच करतोय,
आधी सायकलवर, मग लुनावर, ती बिघडली की पायी.
चार गावं, एक थैली, एक शिक्का,
ज्याच्यातला सात कधीच नीट उठत नाही.

अंगठा कोणाचा?
कौसल्याबाई भोंगाड्यांचा.
तुमच्या समोर दिला?
समोर दिला.
टायपिस्टनं मारलं: समोर दिला.

अंगठ्याच्या मधोमध पांढरी जागा होती.
ठसा अपुरा आहे, साहेब, बाईंचा वकील म्हणाला.
न्यायाधीशांनी कार्ड उजेडात तिरपं केलं.

मला माहीत होतं तिथं काय होतं.
वैशाख होता. बाई ओसरीत
काडीवर सरगुंडे वळत बसली होती.
"थांब बापू, हात धुतो."
"राहू द्या बाई, चालते."
घाई मला होती, कणीक तिच्या बोटांना होती.
शाई कणकेवर धरली नाही.
मग कणीक वाळली, गळली,
किंवा रेकॉर्डरूममध्ये मुंगीनं नेली.
हे कोणी विचारलं नाही.

पत्र भास्कर हिवश्याचं, नागपूरहून. चुलतभाऊ.
बसथांब्याला लागून दोन गुंठे जागा, दोघांत मिळून.
वाटणीपत्रात लिहिलेलं:
विकायची तर आधी दुसऱ्याला विचारावं,
लेखी, रजिस्टर पोस्टानं,
आणि तीस दिवस थांबावं.
त्यानं विचारलं. थांबला.
एकतिसाव्या दिवशी टाइल्सवाल्याला खरेदीखत.
त्याचं चुकलं असं कसं म्हणू?

लिफाफ्यात काय होतं?
लिफाफे मी उघडत नाही, साहेब. वजन सांगतो.
अठरा ग्रॅम, वरच लिहिलंय.
अठरा ग्रॅममध्ये काहीही बसतं का?
बसतं.
लग्नाची पत्रिका बसते, कोरे कागद बसतात,
दोन गुंठ्यांचा भाव बसतो.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
टायपिस्टनं हसणं घेतलं नाही.

बाई पिंजऱ्यात उभी राहिली, पदर घट्ट.
"मले पत्र भेटलंच नाही."
वकिलानं शिकवलेलं, लगेच कळलं.
पण आमच्याकडं भेटणं म्हणजे
मिळणंही असतं आणि भेटणंही,
आणि दुसऱ्या अर्थानं ती खोटं बोलत नव्हती.

त्या दिवशी अंगठा घेऊन मी वळलो तेव्हा
तिनं लिफाफा माझ्याकडं धरला होता.
"वाचून देतो का रे? माही नजर गेली. पोरगा पुण्याले हाय."
"उद्या येतो, बाई."
उद्या निराधारचे पैसे आले, दोनशे माणूस दारात.
परवा सर्व्हर बंद.
तेरवा माझीच बुबुळं लाल, साथ होती डोळ्यांची.
मग मी विसरलो. ती विसरली नाही,
नुसती विचारायला आली नाही.

पुढची तारीख पडली.
स्टँडवर आम्ही एकाच बाकावर, गाडी एकच.
बराच वेळ ती शेंगा फोडत होती, मलाही दिल्या.
मग पिशवीतून, सातबाऱ्याच्या घडीतून,
तिनं लिफाफा काढला. डिंक जसाच्या तसा.
कोपऱ्याला हळदीचा डाग.
वकिलाला दाखवला नाही?
"त्यानं इचारलं, भेटलं का. वाचलं का, हे नाही इचारलं.
तू उद्या येतो म्हणे. वाच आता."

बावीस वर्षांत पहिल्यांदा
दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी फाडलं.
एक कागद. वळणदार अक्षर, वकिलाचं नव्हे, त्याचं स्वतःचं.
ताईस नमस्कार. जागेला अमुक लाख येतात.
तुला ठेवायची असेल तर तुझ्यासाठी कमी करीन.
आजपासून तीस दिवस वाट पाहतो. कळव.

एसटी लागली, लोक चढू लागले.
ती उठली नाही.
टरफलं पदरातून झटकत म्हणाली,
"अन् आज कितवा दिवस हाय, बापू?"