चोपन्न रुपये

लातुरात, ट्यूशन एरियात,
काउंटर नंबर तीनला मी बसते.
पाठीमागच्या भिंतीवर गेल्या वर्षीची पोरं,
पासपोर्ट फोटोएवढं हसणारी,
प्रत्येकाच्या गळ्याखाली मार्क.
पुढं काच, काचेला अर्धगोल भोक.
तेवढ्यातून अख्खा जून महिना आत येतो.

महारुद्र पांचाळ, मुक्काम निलंगा.
फॉर्मवर व्यवसाय: गेट, ग्रील, शटर.
बोटांवर ठिणग्यांचे काळे ठिपके,
पिशवीत एक लाख, दोन रबरं लावून.
शेजारी ईश्वरी, दहावीला शहाण्णव,
सगळं लक्ष चपलेच्या निघालेल्या बंदाकडं.

मी पावती वाचून दाखवली, रोज वाचते तशी.
फी पंच्याऐंशी हजार.
केंद्राचा कर नऊ टक्के, सात हजार सहाशे पन्नास.
राज्याचा कर नऊ टक्के, सात हजार सहाशे पन्नास.
एकूण एक लाख तीनशे.

"कर कशावर?"
शिकवण्यावर.
"शाळेला तर नव्हता की ओ."
शाळेला माफ आहे. कॉलेजलाही माफ आहे.
"मग हे काय हाय?"
हा क्लास आहे.

तो थांबला.
मग पट्टीवर टेप धरून मोजल्यासारखं बोलला,
"म्हंजे कॉलेजात नाव लावलंय,
तिथं ही जाणार न्हाई, तिथं माफ.
हितं सकाळी सहापासून बसणार, हितं अठरा."
मी हो म्हटलं.
हो म्हणायचाच मला पगार आहे.

"लोखंडालाबी अठराच हाय,"
एखादं ओळखीचं माणूस भेटावं तशा आवाजात.
"पण गेट विकलं की गिऱ्हाइकाच्या बिलात लावतो मी.
माझं भरलेलं माझ्या हिशेबातून वजा होतंय.
हे कुणाच्या बिलात लावू?"

ईश्वरीनं मान वर केली नाही.
रांगेत मागं कुणीतरी, "आवरा की," म्हणालं.
बी.कॉम.ला हे उत्तर मला पाठ होतं,
दोन मार्काला यायचं:
शेवटच्या ग्राहकाला वजावट मिळत नाही.
पण पोरगी समोर उभी होती,
शाळेचीच वेणी, शाळेचीच काळी रिबीन.
तिला शेवटचा ग्राहक म्हणवेना.

तीनशे कमी होते.
त्यानं वरचा खिसा पाहिला, आतला, मागचा.
एसटीचे परतीचे पैसे निघाले,
ते त्यानं भोकातून सरकवले, मी परत सरकवले.
सॉफ्टवेअर बाकी ठेवत नाही, लाल चौकट दाखवतं.
डब्याच्या पिशवीत माझे तीनशे होते, गॅसवाल्याचे.
सर केबिनमध्ये आहेत हे बघून घातले आणि बटण दाबलं.
प्रिंटर खरखरला.
तो दोन्ही हातांनी पावती घेऊन
उन्हाकडं धरून बघत राहिला,
रांध्यानंतर सांधा तपासावा तशी.

गुरुवारी दुपारी, काउंटर रिकामं असताना,
भोकातून शंभराच्या तीन नोटा आल्या.
त्यांच्या मागून पन्नासची एक,
आणि दोन-दोनची दोन नाणी.
हे काय?
"तुमच्या तीनशेवर अठरा टक्के.
सत्तावीस दिल्लीचे, सत्तावीस मुंबईचे.
पावती नगं."
चेष्टा होती का, मला कळलं नाही.
चेहऱ्यावरून तर कळलंच नाही.
मी हाक मारली तोवर तो जिना उतरला होता,
खाली कुणाच्या तरी शटरचं कुलूप
हलवून बघायला लागला होता.

ईश्वरी सी बॅचला आहे.
चपलेचा बंद बारीक तारेनं आवळलाय,
टोक आत मुडपून, टोचू नये असं.
सहाला पाच कमी असताना माझ्यासमोरून जाते.

आणि त्या चोपन्न रुपयांना
आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खातं नाही.
फी नाही, कर नाही, देणगी नाही, दंड नाही.
खर्चही करवत नाहीत.
ड्रॉवरच्या कोपऱ्यात, स्टेपलरच्या पिनांजवळ ठेवलेत.
रोज संध्याकाळी गल्ला मोजते,
रोज चोपन्न जास्त भरतात.
सर विचारतात.
मोजताना चुकलं, म्हणते,
आणि पुन्हा मोजायला घेते.