पक्का रंग

इन्फ्रारेडची काळी काच भिंगावर चढवली
की मला काहीच दिसत नाही.
म्हणून फ्रेम आधी ठरवायची,
फोकस लाल ठिपक्यापर्यंत सरकवायचा,
मग काच, मग नुसता अंदाज.

"किती वेळ?" दियोलिंदामावशीनं विचारलं.
"चार सेकंद. पापणीसुद्धा नको."
"चाळीस वर्षं बसलेय की."

साबोर नदीच्या काठी, चेस्टनटशेजारी,
जुलैच्या रणरणत्या उन्हात
नखशिखांत काळ्यात.

संध्याकाळी तिच्या मेजावर प्रिंट ठेवली.
पानोपानी बर्फ. आभाळ शाईचं.
गालांवर साय धरलेली,
सुरकुत्या कुठं गेल्या कोण जाणे,
कपाळाशी एकच शीर, निळसर, उतरत गेलेली.
आणि रुमाल, शाल, झगा,
सगळं पांढरं,
नुकतंच धुऊन वाळवल्यासारखं.

मी सांगायला लागलो,
हा तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश, मावशी,
कापडाचा काळा रंग त्याला अडवत नाही...

"म्हणजे रंग कच्चा," ती म्हणाली.
"ब्रागान्सातला तो सेर्केइरा!
शपथेवर पक्का म्हणून विकला.
मेला तोही फसवूनच."

मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
बोट बर्फावरून, झग्यावरून सरकत
नदीवर थांबलं.
पाणी काळंच होतं, काठोकाठ,
त्यावर एक लाट नाही.

"काळं हिनं नेसलंय," ती म्हणाली.
"उशिरा का होईना."

मी काही विचारलं नाही.
चुलीवर सूप उतू चाललं होतं.
उठताना तिनं प्रिंट
पिठाच्या डब्यामागं उभी केली,
चेहरा भिंतीकडं.