शिवणीतली माया

मिलानमध्ये नऊ नंबरची ट्राम जिथे कुरकुरत वळते
त्याच्या मागच्या चौकात, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघी शिवतो.
बड्या घराण्यांचे कपडे. नाव त्यांचं, पाठदुखी आमची.
तोंडात टाचण्या धरून बोलायची मला सवय.
अडतीस वर्षांत एकही गिळलेली नाही,
शब्द मात्र पुष्कळ.

माझ्या टेपचे पहिले चार सेंटिमीटर झिजून पुसलेत.
म्हणून मी मोजणी पाचापासून धरते
आणि शेवटी पाच वजा.
नव्या पोरींना ते ठाऊक नसतं,
आकडा वाचून त्यांचा चेहरा उतरतो.
मग सांगावं लागतं, थांब गं, वजाबाकी राहिलीय.

आउस्तेया आली ती जूनमध्ये. लिथुआनियाची,
पानेवेझिस गावची, वय अठरा, असं कागदावर.
"हीटर आहे का?" तिनं विचारलं.
बाहेर डांबर वितळत होतं.
बाहीचं माप घेताना हाताला लागली मऊ लव,
तान्ह्या बाळाच्या कपाळावर असते तशी,
कोपरापासून मनगटापर्यंत.
अंगानं आपल्यापुरती लोकर विणायला घेतली होती
कुणालाच न विचारता.

डॉक्टरचा दाखला होता तिच्याकडे, शिक्क्यासकट.
शिक्का गोल, गुबगुबीत.
त्या खोलीत गुबगुबीत असं तेवढंच.
आणि मी.

एजन्सीचा त्सानेत्ती खुर्चीवर उलटा बसलेला.
म्हणाला, शोपर्यंत कंबर अजून दोन उतरेल,
तेवढं धरून काप.
जणू धरणाच्या पाण्याबद्दल बोलत होता.
आणि शिवणीत माया ठेवू नकोस,
ऑर्गन्झा आहे, दिव्यात दिसते.

माया म्हणजे काय, ते शिवणाऱ्या हाताला माहीत:
आत दुमडलेलं जास्तीचं कापड,
ज्याचा आज काहीच उपयोग नसतो.
आईनं माझा पहिल्या कम्युनियनचा झगा असा शिवला
की तीन वर्षं तो माझ्याबरोबर वाढला
आणि पुढे धाकटीबरोबर.

मी मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या.
रात्री बाकीच्या गेल्यावर
दोन्ही कुशींना दीड-दीड बोट सोडली,
त्याच रंगाच्या धाग्यानं चपटी टिपून टाकली,
दिव्यालाही चुकवता येईल इतकी.

शोमध्ये ती बावीस पावलं चालली.
मी पडद्यामागे सुई घेऊन. टाळ्या झाल्या.
झगा उतरवला तर बरगडीवर
माझ्या टाचणीचा ओरखडा, लाल, बारीक.
"लागलं का?"
"कळलंच नाही," म्हणाली.
मला ते बरं वाटलं नाही.

पुढच्या हंगामाला दुसरी आली, एस्टोनियाची.
आउस्तेयाचं काय झालं, त्सानेत्तीला आठवेना.
नाव सांगून त्याला काही आठवत नसे,
माप सांगावं लागे. मी सांगितलं नाही.

सहा वर्षांनी, नोव्हेंबरात,
कुणीतरी धापा टाकत जिना चढून आलं.
गाल लाल, कोट उघडा, हातात प्लास्टिकची पिशवी.
"तो हीटर बंद करा ना," म्हणाली.
तेव्हा ओळखलं.

पिशवीत तोच झगा. नमुन्यांच्या सेलमध्ये मिळाला,
चाळीस युरोला. बहिणीचं लग्न आहे.
इस्पितळात किती महिने, ते तिनं बोटांवर मोजलं,
एक हात पुरला नाही.

मी उसवलं.
माया होती तिथेच, न चुरगळलेली,
बाकी झग्याहून एक छटा गडद,
उजेड न पाहिलेली.
दोन्ही कुशी सोडल्या. चेन तरी वर जाईना.

आरशात आम्ही दोघी.
तिच्या खांद्यांवर काहीतरी जुनं परत चढताना दिसलं मला.
टेप गळ्यातच होता.
मी मोजलं नाही.

"कळी घालावी लागेल," म्हटलं.
ऑर्गन्झा कधीच संपलेला, तो तागा आता येत नाही.
खिडकीच्या पडद्याकडे
आम्ही एकदमच पाहिलं.