डावं-उजवं

हांग दाऊच्या जुन्या पाण्याच्या टाकीपासून चार पावलांवर
आमचा स्टुडिओ. एक सायकल आडवी लावली की संपतो.
डोक्यावरून रूळ जातो.
गाडी आली की कात्र्या आपोआप टेबलाच्या कडेला सरकतात.

पहिल्याच दिवशी मालक, थाकसाहेब, म्हणाले:
लाँग बिएन पुलाचा फोटो आला
तर मागची तारीख वाचू नकोस.
लोक खोटं बोलत नाहीत, पण विसरतात.
पुलाची वशिंडं मोज.
सगळी ओळीनं असतील तर फ्रेंचांचा काळ.
मधेच दात पडल्यासारखं आभाळ दिसलं तर बॉम्बचा.
आणि वशिंडांच्या जागी सपाट ठिगळं असतील
तर आपला.

एका फोटोत कोट-टोप्या घातलेली माणसं उभी होती.
मागे वळणदार अक्षरांत एकेकाचं नाव,
कुत्र्याचंसुद्धा. बिजू.
खाली चिखलात उभे असलेले:
‘मजूर, अंदाजे चाळीस.’
मी भिंगातून मोजले. त्रेपन्न भरले.

मग लुआबाई आल्या, नदीमधल्या बेटावरून,
केळीच्या पानात गुंडाळलेला
काडेपेटीएवढा फोटो घेऊन.
नवऱ्याचा. देवघरात ठेवायला मोठा करून हवा होता.
वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवलेला,
एक हात कठड्यावर, दात किंचित पुढे,
मागून सायकली चाललेल्या, पालेभाजीनं लादलेल्या.

सायकली डावीकडून चालल्या होत्या.
सारा देश उजवीकडून जातो.
म्हणजे छापणाऱ्यानं निगेटिव्ह उलटी ठेवली असणार.
मी बावीस वर्षांची, हुशार.
एक बटण दाबलं, सगळं सुलट केलं.
वर कोपऱ्यातला डागही पुसून टाकला, फुकटात.

लुआबाईंनी फ्रेम हातात घेतली,
उजेडात नेली, परत आणली.
म्हणाल्या, माणूस चांगला दिसतोय.
पण हा माझा नाही.
माझ्या माणसाच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती.
याच्या उजव्या हाताला आहेत.

थाकसाहेब खोकला येईपर्यंत हसले.
संध्याकाळी मला पुलावर घेऊन गेले.
जन्मभर याच शहरात राहून
मी त्याच्याखालून गेले होते, वरून कधीच नाही.
पायाखाली सिमेंटच्या फरशा हलत होत्या,
फटींतून नदी दिसत होती, विटकरी, सुस्त,
आणि मोटरसायकली, सायकली, भाजलेले मके विकणारी,
सगळी डावीकडून.
का? मी विचारलं.
दहा जणांना विचार, म्हणाले, दहा कारणं मिळतील.
आणि मला वाटलं होतं, या पोरीला डावं-उजवं कळतं.

टोकाला लोखंडी पाटी आहे.
पॅरिसच्या कारखान्याचं नाव, साल, ठळक उठावाची अक्षरं.
ठिगळांवर काहीच लिहिलेलं नाही.
मी जोडावर बोट फिरवलं:
घाईत घातलेल्या टाक्यांसारखा,
कुठे जाड, कुठे बारीक,
एका जागी हात थांबल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा उलटा,
म्हणजे सुलटा केला.
लुआबाई म्हणाल्या, तो डागही परत घाल.
बेटावर पाणी चढलं होतं तेव्हाचा आहे.
फोटो तोंडात धरून मी झाडावर बसले होते,
हात पोरांनी अडकले होते.

मागे काय लिहू?
क्विन, त्या म्हणाल्या. वेल्डर.
आणि खांबाचा नंबर लिही, अकरा.
कुणी कुठे राहतोस विचारलं
की तो आधी तेच सांगायचा.

पैसे दिले, वर केळ्यांची एक फणी,
थोडी हिरवी, दोन दिवस थांब म्हणाल्या.

चुकलेली प्रत अजून माझ्या खणात आहे.
कधीच नसलेला एक माणूस,
उजव्या हाताला दोन बोटं कमी.
तोही तसाच हसतो.
गाडी गेली की खण थोडा उघडतो,
मी गुडघ्यानं ढकलते.