तीन बोटं

घाटंजीला, आर्णी रोडवर, टेकाम मिस्त्रीच्या टपरीत
माझी गाडी जॅकवर एक पाय उचलून उभी आहे,
खूर कापायला धरलेल्या म्हशीसारखी.
झिजल्या टायरवर अक्षरं पुसत आलीत:
एकशे पंचेचाळीस, ऐंशी, आर बारा.

नव्याच्या कुशीवर मी आधी जन्मतारीख शोधते.
चार आकडे. कितवा आठवडा, कोणतं साल.
दात पाहून गाईचं वय सांगणारी बाई
रबराला कशी फसेल?

मागच्या सीटवर, बेल्ट लावून, नत्राचं भांडं बसलंय.
उणे एकशे शहाण्णव.
त्याच्या पोटात गवळाऊ, साहिवाल,
उदबत्तीच्या काडीएवढ्या नळ्यांत निजलेले वळू.
भांडं एकदाच कलंडलं, कुर्लीच्या नाल्यात.
गाडीभर पांढरं धुकं, दारं सताड उघडी,
आणि मी बांधावर बसून
चाळीस वासरं मोजत होते, न झालेली.

भाचा प्रज्योत चौदा इंची अलॉय घेऊन आलाय,
कुणाच्या तरी विकलेल्या गाडीचे, काळे, पाच पाकळ्यांचे.
"मावशी, एकशे पासष्ट-साठ टाक यावर.
गाडी कशी उठून दिसते पाय."
दिसते खरी.
गोठ्यापुढं उभी केली तर
गोठाही जरा पदर सावरेल.

टेकाम बोलत नाही. खिशातून खडू काढतो.
जुन्या चाकाला एक खूण, फरशीला एक,
चाक पुरतं एकदा फिरवतो, पुन्हा खूण.
मग चौदाचं. मधली जागा बोटांनी भरतो.
"तीन बोटं," म्हणतो. "दर फेरीले."

म्हणजे मी शंभर किलोमीटर जाणार
आणि काटा सत्त्याण्णव सांगणार.
माझं प्रवासबिल त्या काट्यावर.
पंचायत समितीतल्या बाबूला
चाकाची बोटं दाखवता येत नाहीत.

"मंग बारा इंचीच राहू द्या," मी म्हणते.
तो मागून एक कोरं टायर घरंगळत आणतो,
माझ्याच जुन्या रिमचं, अंगानं जरा भरलेलं:
एकशे पंचावन्न, ऐंशी, बारा.
खडू पुन्हा फिरतो.
तीच खूण. एका सुतानं मागं.

प्रज्योत हसतो. "मंग काय फरक पडला?"

टेकाम दोन्ही शेजारी उभे करतो.
उंची सारखी. रस्ता दोघंही सारखाच चोरणार.
"यात हवा जास्त, त्यात डौल जास्त.
पांदणीत गोटा लागला का
हे पोट आत घेते. ते तडकते.
आन ही रिम वाकली त घनानं सरळ होते, जी."

चाक चढवलं. स्टिअरिंग पुरतं वळवून
मडगार्डच्या आत हात मीच घातला,
सवयीनं, डोळे मिटून, चाचपत.
करंगळी जाते. कुठंच घासत नाही.
गाडी किती उचलली, विचारलं
तर त्यानं कोपऱ्यातल्या पोत्यातून
सोयाबीनचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला.
"इतकी."

तेवढ्यात कुर्लीहून फोन:
तांबडी रातच्यापासून हंबरते, लवकर या बाई.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: बेचाळीस किलोमीटर.
वरचा सव्वा कुणाच्याच हिशेबात नाही.
तो पांदणीचा शेवटचा तुकडा असावा,
बाभळीपासून गोठ्यापर्यंतचा,
जिथं मी आरशात तीनदा पाहिलं
आणि भांडं
बेल्टात नुसतंच बसून होतं.

प्रज्योतचे अलॉय अजून टपरीतच आहेत.
एकात टेकामची कोंबडी बसते.