हातचा

मार्चचे शेवटचे चार दिवस. लमस्डेनच्या पलीकडे
डोंगराच्या माथ्यावर वारा, आणि शेवटची मेंढी
फळीवरून घसरत खाली गेल्यावर शेडमध्ये
जी शांतता पडते, तिच्यात तामाती म्हणाला,
"ब्रॉन्विनला सांग, पुढची शेड मी घेत नाही."

साडेसहाशे मेंढ्या. दोन दिवस. दोन हजार डॉलर.
"का रे?"
"त्रेपन्न हजार पाचशेची रेघ. ती ओलांडली
की तीस टक्के. वर्षभर कातरलं ते सगळं
त्यांच्या पोत्यात."

मी लोकर निवडणारी. वीस वर्षं
टेबलावर फेकलेल्या लोकरीच्या कडा खुडतेय.
पोटाची वेगळी, मळकी वेगळी,
पाठीची लांब, शुभ्र, तिची तिची.
कडेला मूठभर लेंड्या चिकटल्या म्हणून
सबंध लोकरीचा भाव कोणी पाडत नाही.
हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक.
तरी रेघ म्हटली की माणूस मेंढीसारखा
दारातच पाय रोवतो.

रात्री स्वयंपाकघरात कॅलेंडर उलटं केलं.
कागदाला माझ्याच हाताचं लोकरीचं मेण,
पेन्सिल घसरायची.
"हे बघ. आजवर बावन्न हजार शंभर.
पहिले पंधरा हजार सहाशे: साडेदहा टक्के.
एवढ्यावर तुला आणि ज्याच्या मेंढ्या आहेत त्याला
एकच दर. झाले सोळाशे अडतीस.
उरलेले साडेछत्तीस हजार: साडेसतरा टक्के.
सहा हजार तीनशे साडेसत्त्याऐंशी."

बेरीज मी मोठ्याने करते, शाळेपासूनची खोड.
"आठ नि सात पंधरा. पाच, हातचा एक.
तीन नि आठ अकरा, नि एक बारा. दोन, हातचा एक.
सहा नि तीन नऊ, नि एक दहा. शून्य, हातचा एक.
आठ हजार पंचवीस, वर पन्नास सेंट.
अपघात-विम्याचा हप्ता वेगळा, तो आत्ता धरत नाही.

आता तुझे दोन हजार.
चौदाशे रेघेच्या अलीकडेच पडतात,
त्यांचे दोनशे पंचेचाळीस.
पलीकडे जातात फक्त सहाशे.
त्यांचे एकशे ऐंशी.
रेघ नसती तर त्यांचे एकशे पाच गेले असते.
म्हणजे तुझी रेघ, तामाती,
पंच्याहत्तर डॉलरची आहे.
एवढ्यासाठी पंधराशे पंच्याहत्तर
हातचे सोडतोस?"

जिंकल्यासारखी मी पेन्सिल खाली ठेवली.

तो काही बोलला नाही.
चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला.
मग मला दिसलं, की आज सकाळीही डाव्याच,
परवाही. उजवा हात मांडीवर
पालथा, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

"दोन बोटं जानेवारीपासून झोपलीत," तो म्हणाला.
"मशीन थरथरतं ते कळतच नाही.
काल एका मेंढीचं कातडं फाटलं.
ब्रॉन्विनने शिवलं, बोलली नाही काही."

"मग टॅक्सचं काय काढलंस?"

"टॅक्स म्हटलं की लोक मान डोलावतात.
पुढे कोणी विचारत नाही."
थोडा हसला. "तू सोडून."

बाहेर कुत्र्यांनी साखळ्या ओढल्या, पुन्हा निजली.
फॉर्मवर पुढच्या वर्षाचा रकाना होता,
अंदाजे उत्पन्न. गेल्या एप्रिलला
तिथे मीच बिनधास्त पंचावन्न हजार भरले होते,
त्याच्या मनगटाला न विचारता.

चाळीस लिहिले. खोडले.
तीस लिहिणार, तर तो म्हणाला,
"राहू दे, नारेटा. एवढ्यात नको."

दिवा घालवायच्या आधी कॅलेंडर भिंतीवर
पुन्हा सुलटं टांगलं. मागच्या बाजूला
बेरजेच्या डोक्यावर बारीक अक्षरात
तीन हातचे तसेच राहिले.